गॉथमचे ठग आणि कयाधूचा काठ

बॅटमॅनचं कुठलंही इंग्रजी कार्टून लावा, डोळे मिटा आणि नुसते संवाद ऐका. थोड्याच वेळात एक शब्द कानावर पडेल : थग. गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले, हॅट डोळ्यांवर ओढलेले, हातात लोखंडी कांब घेतलेले जे आडदांड गुंड बॅटमॅन दर रात्री डझनानं लोळवतो, त्यांना तिथे थग म्हणतात. अमेरिकेतल्या पोराला तो शब्द त्याच्याच रस्त्यावर जन्मलेला वाटत असणार. तो आपला आहे. इंग्रजी शब्दकोशात त्याची व्युत्पत्ती पाहिली तर मराठी-हिंदीतला ‘ठग’ सापडतो आणि त्याच्याही मागे संस्कृतातला ‘स्थग्’ हा धातू. त्याचा अर्थ झाकणं, लपवणं. म्हणजे शब्दाच्या मुळाशी मारणं नाहीच, लपणं आहे. वरचा चेहरा एकाचा आणि आतला माणूस दुसराच.

या शब्दाला आपल्या मातीतून लंडनला आणि तिथून बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या अंधाऱ्या गल्ल्यांपर्यंत ज्या पुस्तकानं पोचवलं, त्या पुस्तकातला एक अंगावर काटा आणणारा प्रसंग हिंगोलीत घडलेला आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. हिंगोली म्हटलं की आपल्याला औंढ्याचा नागनाथ आठवतो, दसऱ्याचं प्रदर्शन आठवतं, पूर्णा-अकोला रेल्वेमार्गावरची ‘हिंगोली डेक्कन’ ही पाटी आठवते. गुन्ह्याचा माग काढण्याच्या जगभरच्या गोष्टीतलं एक पान इथलं आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

पण आधी त्या कार्टूनकडे जाऊ, कारण मी हिंगोलीपर्यंत पोचलो तो त्याच वाटेनं.

१ ऑगस्ट २०२४ रोजी प्राइम व्हिडिओवर ‘बॅटमॅन : केप्ड क्रुसेडर’ नावाची दहा भागांची ॲनिमेशन मालिका आली. ती यायच्या आधी तीन वर्षं चाहते जीव मुठीत धरून बसले होते. मे २०२१ मध्ये तिची घोषणा झाली, ऑगस्ट २०२२ मध्ये आधीच्या वाहिनीनं ती सोडून दिली आणि मार्च २०२३ मध्ये ॲमेझॉननं तिची दोन पर्वं एकदम मागवली. एवढी ओढ लागण्याचं कारण एका माणसाचं नाव, ब्रूस टिम. याच माणसानं एरिक रॅडोम्स्कीबरोबर १९९२ मध्ये ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज’ उभी केली होती. ती पाहिलेली मुलं आता चाळिशीला आली आहेत, आणि त्यातल्या अनेकांना बॅटमॅन म्हटलं की सिनेमातला कुठलाही नट आठवत नाही, तोच रेखाटलेला चौकोनी जबडा आठवतो.

या मंडळींना नव्या मालिकेकडून काय हवं होतं? त्यांची मागणी उलट्या दिशेची होती. आजची मालिका म्हणजे आजची साधनं, हा हिशेब त्यांना नको होता. त्यांना १९४० चं दशक हवं होतं. फेल्ट हॅट, लांब नाकाच्या मोटारी, टाइपरायटरचा खडखडाट, ओल्या रस्त्यावर पडलेला दिव्याचा उजेड. खलनायक हसवणारे नकोत, भीती वाटावी असे हवेत. आणि सगळ्यात मोठी आशा ही, की बॅटमॅन पुन्हा गुप्तहेर व्हावा. आकाशातून पडणाऱ्या राक्षसांशी लढणारा बॅटमॅन त्यांनी खूप पाहिला होता. गुडघ्यावर बसून गालिच्यावरची राख बोटानं चाचपणारा बॅटमॅन त्यांना परत हवा होता. गुन्हेगारीच्या कॉमिक्ससाठी ओळखला जाणारा लेखक एड ब्रुबेकर या मालिकेत आहे म्हटल्यावर ती आशा आणखी बळावली. एक इच्छा मात्र पुरी होण्यासारखी नव्हती. १९९२ पासून ज्याचा आवाज म्हणजेच बॅटमॅन, असं समीकरण झालं होतं, तो केव्हिन कॉन्रॉय १० नोव्हेंबर २०२२ रोजी वारला. नव्या मालिकेत तो आवाज हॅमिश लिंकलेटरनं दिला.

जुना काळच का हवा, याचं माझ्या मते खरं कारण आठवणींची हळहळ हे नाही. गुप्तहेराच्या हातातली साधनं जितकी कमी, तितका त्याचा मेंदू आपल्याला चालताना दिसतो. चौकाचौकात कॅमेरा असेल, मोबाइलवरून माणूस कुठे होता ते कळत असेल, केसाच्या एका टोकावरून डीएनए जुळत असेल, तर उकल यंत्र करतं आणि आपण निकालाची वाट पाहतो. डीएनएची ओळखपद्धत १९८४ ची. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात उघडलं, आणि त्या ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच दोन माणसांचा मोठा वाटा होता. लंडनच्या स्कॉटलंड यार्डानं ती पद्धत १९०१ मध्ये उचलली. जितकं मागे जावं तितकं एकेक साधन गळत जातं, आणि शेवटी उरतात डोळे, कान आणि माणसांची पारख.

बॅटमॅनचा जन्मही गुप्तहेर म्हणूनच झाला. मे १९३९ ही तारीख असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात सहा पानांची गोष्ट आली, बिल फिंगर आणि बॉब केन यांची. डीसी या प्रकाशनसंस्थेच्या नावातली दोन अक्षरं या मासिकाच्या नावावरून आलेली आहेत. सुपरमॅन, वंडर वुमन यांच्या मुखपृष्ठांवर आज जी अक्षरं झळकतात, त्यातलं पहिलं अक्षर चक्क ‘डिटेक्टिव्ह’ आहे.

आता रंगाची एक गंमत, आणि ही वाचून सोडून द्यायची नाही, करून बघायची. स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डपेपर आणा आणि एक पांढरा खडू घ्या. पांढऱ्या कागदावर रात्र काढायची असती तर तुम्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळं घासत बसला असता, तरी मधूनमधून पांढरं डोकावलंच असतं. काळ्या कागदावर रात्र आधीच आहे. तुम्हाला काढायचा आहे फक्त उजेड. खडूचा एक आडवा फटका मारा, ती पत्र्याच्या छपराची कड झाली. खाली एक उभी रेघ, तो दिव्याचा खांब. खांबाखाली बोटानं खडू थोडा पसरा, तो रस्त्यावर पडलेला प्रकाश. त्या प्रकाशाच्या कडेला कागद माणसाच्या आकाराचा कोरा सोडा. कुणीतरी उभं आहे. तुम्ही त्याला काढलेलंच नाही, आणि तरीही तो आहे.

१९९२ च्या मालिकेत हेच केलं. रॅडोम्स्कीनं पार्श्वभूमीची चित्रं काळ्या कागदावर रंगवायला लावली. ॲनिमेशनमध्ये पिढ्यानपिढ्या पांढऱ्या कागदावर चित्र रंगवत आले होते, त्यामुळे एवढ्याशा बदलानं सगळं गॉथम शहर अंधारातून वर आल्यासारखं झालं. या शैलीला त्यांनी ‘डार्क डेको’ म्हटलं. मालिकेच्या सुरुवातीची मिनिटभराची चित्रफीत आठवते का? बँकेवर दरोडा, छपरावर चोर, वीज चमकते आणि त्या उजेडात एक आकृती उभी राहते. त्या अख्ख्या मिनिटात मालिकेचं नाव कुठेच येत नाही. त्या मंडळींना आपल्या चित्रावर एवढा भरवसा होता.

माणसांची चित्रंही अशीच मोजक्या रेषांची. चोवीस चौकटींचा एक सेकंद. बावीस मिनिटांच्या एका भागाच्या झाल्या एकतीस हजार सहाशे ऐंशी चौकटी. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरलं तरी पंधरा हजारांवर. एका पात्राच्या अंगरख्याची एक चुणी कमी केली, की त्या पात्राच्या प्रत्येक चित्रातली ती रेघ वाचते. टिमचा बॅटमॅन दगडातून तासून काढल्यासारखा दिसतो, त्याच्या मुळाशी हा हिशेबही आहे. चित्रं हलवण्याचं काम जपान-कोरियातल्या वेगवेगळ्या स्टुडिओंत चालायचं. रेषा कमी असली की हात बदलला तरी चेहरा बदलत नाही. आणि या सगळ्याचा पूर्वज म्हणजे फ्लायशर बंधूंनी १९४१ पासून काढलेली सुपरमॅनची छोटी कार्टून्स. टिमनं त्यांचं ऋण मोकळेपणानं मानलं आहे. म्हणजे १९९२ ची मालिका १९४१ कडे बघत होती आणि २०२४ ची त्या दोघींकडे. आज ज्याला आपण रेट्रो म्हणतो, ते असं एकावर एक घातलेल्या पांघरुणांसारखं असतं.

‘डार्क डेको’मधला डेको बघायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. मुंबईच्या ओव्हल मैदानात उभे राहा. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, म्हणजे टोकदार कमानींचं, दगडी, गॉथिक जग. पश्चिमेला गोलसर सज्जांच्या, आडव्या पट्ट्यांच्या आर्ट डेको इमारतींची ओळ. दोन्हींच्या मध्ये क्रिकेट खेळणारी पोरं. २०१८ मध्ये युनेस्कोनं या दोन्हींना मिळून जागतिक वारसा म्हणून मान दिला. चर्चगेटसमोरचं इरॉस चित्रपटगृह १९३८ मध्ये उघडलं, बॅटमॅन जन्मण्याच्या आदल्या वर्षी. पावसाळी रात्री तिथून चालत जा, आणि टिमच्या चित्रकारांनी कल्पनेतून रंगवलेलं शहर आपल्याकडे विटा-सिमेंटमध्ये उभं आहे हे दिसेल.

त्या शहरात आपले रहस्यपुरुष फिरतही होते. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी बाबूराव अर्नाळकर या नावानं हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं एका पिढीच्या तोंडी होती. मराठवाड्यातही ही पुस्तकं एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून घरोघर जायची, एकाच प्रतीची पानं गावभर फिरून मऊ पडायची. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आला, मँड्रेक आला, बहादूर आला. काळापहाड या नावातच काळा कागद आहे. तरी त्याला कुणी पडद्यावर हलतं केलं नाही. ॲनिमेशन आपल्याला परकं होतं म्हणावं तर तेही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमाराला आगकाड्या एकेक करून सरकवत, प्रत्येक वेळी एक चौकट टिपत ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, आणि १९३४ मध्ये प्रभात कंपनीनं ‘जंबू काका’ हे कार्टून काढलं होतं. आपल्याकडे हात होता, नायक होता, शहर होतं. या तिघांची गाठ कुणी घातली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता हिंगोलीत येऊ.

हिंगोली आज जिल्ह्याचं ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. पण एकोणिसाव्या शतकात ही निजामाच्या मुलखातली मोठी लष्करी छावणी होती. गावातल्या नावांत ती छावणी अजून नांदते आहे : पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. रिसाल्यात घोडेस्वार, तोफखान्यात तोफा, पेन्शनपुऱ्यात निवृत्त शिपाई, आणि या सगळ्यांना कापड, धान्य, गूळ, तंबाखू पुरवणारा सदर बाजार. एवढी पगारदार माणसं जिथे, तिथे व्यापारी येणारच.

त्या बाजारात हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. प्रतिष्ठित, बोलण्यात गोड, साहेबलोकांशी रोजचा व्यवहार असलेला. छावणीतला तरुण अधिकारी फिलिप मेडोज टेलर यानंही त्याच्याकडून अनेकदा माल घेतला होता. टेलर लिव्हरपूलचा, पोरवयात मुंबईला आलेला, पुढे निजामाच्या फौजेत शिरलेला आणि या मुलखाची भाषा-माणसं जवळून जाणणारा. पुढे हाच नळदुर्गला राहिला आणि तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर कादंबरी लिहून गेला.

एकदा हरिसिंग मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्सकडे गेला आणि मुंबईहून कापड आणायचं आहे, वाटेत अडवणूक नको, म्हणून परवाना मागितला. परवाना मिळाला. कापड खरोखरच वाटेवर होतं, पण ते हरिसिंगचं नव्हतं. हिंगोलीपासून जवळच्याच एका गावचा व्यापारी तो माल घेऊन येत होता. हरिसिंगनं आपल्या टोळीसह त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारलं, सरकारी परवाना दाखवत माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड्यावर विकला. त्या कापडाचे कपडे शिवून लोकांनी अंगात घातले असतील. कुणाला काही कळलं नाही. पकडला गेल्यावर त्यानं स्वतःच ही हकिगत सांगितली, आणि तीही मोठी मजा सांगावी तशी.

हरिसिंग ठग होता, वाटसरूंना फासानं मारून लुटणाऱ्यांपैकी. ठगांच्या टोळीत कामं वाटलेली असत, आणि प्रत्येक कामाला त्यांच्या रामासी या गुप्त बोलीत नाव होतं. वाटसरूंशी गोड बोलून त्यांना जाळ्यात घेणारा सोथा. रुमालाचा फास टाकणारा भुरतोट. आधीच जागा हेरून खड्डा खणून ठेवणारा लुघाई. आणि ज्या इशाऱ्यावर फास पडायचा ती झिरनी, ‘तंबाखू आणा’ यासारखं एखादं निरुपद्रवी वाक्य. शेकोटीभोवती दमलेली माणसं बसली आहेत, कुणीतरी तंबाखू मागतं. वाटसरूला त्यात वावगं काय वाटणार?

१८३२ मध्ये माफीचे साक्षीदार बोलायला लागले आणि हिंगोलीचा पडदा फाटला. टेलर तिथे हजर होता. त्यानं लिहिलं आहे की छावणीच्या मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसं मारली गेली होती, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम त्याच्या पाचपट अंतरावर पुरली होती. जागा म्हणजे नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याचं कोरडं पात्र, चरापेक्षा रुंद नाही आणि खोलही नाही, छावणीतून शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या नेहमीच्या रस्त्याला लागून. हिंगोलीची नदी म्हणजे कयाधू. साक्षीदार शांतपणे पुढे चालत होते आणि बोटानं जागा दाखवत होते. खणलं की खाली माणसं, एकेका खड्ड्यात अनेक. अशी काही थडगी उघडल्यावर तिथे जमलेल्यांना पाहवेना आणि खणणं थांबवलं.

ज्या रस्त्यानं छावणीतले साहेबलोक रोज घोड्यावरून फिरायला जात असतील, तो हा रस्ता. ज्याच्या दुकानात ते कापड घेत, तो हा माणूस. गॉथममधल्या ब्रूस वेनचं, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनचं, कोडं इथे उलटं होऊन उभं आहे. तिथे दिवसा ऐषारामी वाटणारा धनिक रात्री मुखवटा चढवून दुबळ्यांच्या रक्षणाला निघतो. हिंगोलीच्या सदर बाजारात मुखवटा दिवसाचा होता.

माग कसा निघाला, ते त्याहून विलक्षण आहे. जबलपूरकडे विल्यम स्लीमन नावाच्या अधिकाऱ्यानं एक पद्धत बसवली होती. ना फोटो, ना ठसे, ना तार. त्याच्याकडे होती फक्त माणसांची तोंडं. पकडलेल्या ठगांपैकी काहींना जिवाची हमी देऊन बोलतं करायचं, त्यांना वेगवेगळं ठेवायचं, आणि एकच प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायचा : अमुक साली, अमुक वाटेवर तुझ्यासोबत कोण होतं, किती मारले, कुठे पुरले? मग जबान्या शेजारीशेजारी ठेवायच्या. जिथे जुळतात तिथे खणायचं. त्यानं ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी काढल्या, नकाशावर खुनाच्या जागा मांडल्या, आणि १८३६ मध्ये त्यांच्या बोलीचा कोशही छापला. इंग्रज अंमलातलं ठगी-डकैती खातं यातूनच उभं राहिलं. १९०४ मध्ये त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खातं आलं आणि आजच्या इंटेलिजन्स ब्युरोची वंशावळ तिथपर्यंत जाऊन पोचते.

एकमेकांपासून लांब ठेवलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात का, हे बघायचं, ही सत्य ओळखण्याची फार जुनी आणि फार मोठी युक्ती आहे. याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे, चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभारायला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथेही मूळ विचार हाच आहे. अवकाशातून आलेली गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन यंत्रांनी मिळून पकडली, तेव्हा कुठे १४ सप्टेंबर २०१५ चा तो पुरावा ग्राह्य धरला गेला. दुधाळ्याचा साक्षीदार पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचा असेल, आणि लहर आकाशात नेमकी कुठून आली ते सांगायला त्याची मदत होईल. ज्या मुलखात कधी काळी ओढ्याकाठी जबान्या जुळवल्या गेल्या, तिथे आता ताऱ्यांच्या जबान्या जुळवल्या जाणार आहेत. मला या योगायोगाचं नवल अजून ओसरलेलं नाही.

पण चांगला गुप्तहेर स्वतःच्या पुराव्यावरही शंका घेतो, तशी इथे घ्यायलाच हवी. माफीच्या आशेनं बोलणारा माणूस सरकारला हवं तेवढं जास्त बोलणार नाही कशावरून? १८३६ च्या कायद्यानं तर ठगांच्या टोळीत असणं एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरवला. ठग म्हणजे कालीमातेसाठी मारणारा, हजारो वर्षांचा एकच पंथ, हे जे चित्र इंग्रजांनी रंगवलं, ते आजचे बरेच इतिहासकार तसंच्या तसं मानत नाहीत. फौजा मोडल्यामुळे रिकामे झालेले शिपाई, दुष्काळ, असुरक्षित वाटा आणि त्यातून जमलेल्या लुटारूंच्या टोळ्या, असं ते त्याकडे बघतात. हिंगोलीच्या ओढ्यातल्या मृतदेहांचा मात्र टेलर स्वतः साक्षी होता.

त्यानं हे सारं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं. कादंबरी अमीर अली नावाच्या ठगाच्या तोंडून सांगितलेली आहे. ती १८३९ मध्ये लंडनमध्ये तीन खंडांत निघाली आणि खूप वाचली गेली. एडगर ॲलन पो याची, जिला आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानतात ती गोष्ट १८४१ ची, म्हणजे हिच्यानंतर दोन वर्षांनी आलेली. आणि इंग्रजीत ‘थग’ हा शब्द फास टाकणाऱ्या ठगांपुरता न राहता कुठल्याही हिंस्र गुंडासाठी वापरात आला, त्याची शब्दकोशांतली नोंद याच सुमाराची आहे. तिथून शंभर वर्षांनी, १९३९ मध्ये, बॅटमॅनची पहिली गोष्ट छापली गेली.

म्हणून चाहत्यांच्या आशांमध्ये मला माझीही एक आशा मिसळायची आहे. टिमच्या मालिकेची पुढची पर्वं येवोत, खूप येवोत. पण एक रेट्रो मालिका मला मराठीत हवी आहे आणि तिचं गाव हिंगोली हवं. काळ १८३२. नायक इंग्रज साहेब नको. नायक शिंपी हवा. संत नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं, आणि नामदेव शिंपी समाजातले. विचार करा, सदर बाजारात हरिसिंगचं कापड उघड विकलं जात होतं. ते कापड हातात घेऊन ज्याला त्यातलं वेगळेपण कळू शकलं असतं, असा गावात एकच कसबी माणूस. काठ चिमटीत धरून तो बघेल. हा माल अमक्या व्यापाऱ्यानं मागवला होता, त्याच्या घरच्यांनी वाट पाहून डोळे लाल केले आहेत, मग तो इथे हरिसिंगच्या गादीवर कसा? त्याला कुठलीही अद्भुत शक्ती नको. त्याच्या बोटांना सुताचा पोत कळतो, एवढं पुरे. रात्री तो बाहेर पडेल तेव्हा त्याच्या खांद्यावर झगा कशाला, काळी घोंगडी आहे ना. वाऱ्यानं तिची टोकं उडाली की काळ्या कागदावर फक्त कड उजळेल. मागे तोफखान्याच्या भिंती, पुढे कयाधूचं वाळूचं पात्र, लांबवर एक शेकोटी. शेकोटीपाशी कुणीतरी तंबाखू मागतं आहे.

दहा भाग सहज होतील. मारल्या गेलेल्या त्या व्यापाऱ्याचं नावही टेलरनं प्रस्तावनेत दिलेलं नाही. एका भागात तरी त्याच्या घराचा उंबरा दिसावा, आणि तिथे वाट पाहणाऱ्या बाईला बोलायला मिळावं, असं मला फार वाटतं.

टेलरचं पुस्तक १८३९ चं आहे, टेलर १८७६ मध्ये वारला. त्या पुस्तकावर आता कुणाचाही हक्क उरलेला नाही. पेन्शनपुऱ्यातल्या किंवा रिसाला बाजारातल्या कुणा मुलानं किंवा मुलीनं काळा कागद घेऊन त्याची पहिली चौकट काढायला घेतली, तर कुणाचीच परवानगी लागणार नाही.